कारखान्यातली रसायनं आणि कामगाराची प्रतिकारशक्ती: बिघाड ओळखायचा कसा, अडवायचा कसा

रंगकामाच्या बूथमध्ये स्प्रे गन चालवणारा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. दिवसभर कामावर ठणठणीत असायचा. खोकला सुटायचा तो रात्री दोनच्या सुमाराला, इतका की उठून भिंतीला टेकून बसावं लागे. सात महिने त्याने खोकल्याची औषधं घेतली, दोनदा अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला. मग दहा दिवस रजेवर गेला आणि चौथ्या रात्री खोकला थांबला. पुन्हा कामावर रुजू झाला त्याच्या दुसऱ्याच रात्री परत उठून बसला. त्याच्या रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या द्रावणात, आयसोसायनेट नावाचं रसायन होतं आणि त्याच्या शरीराने ते ‘शत्रू’ म्हणून नोंदवून ठेवलं होतं. हा दमा होता. कामामुळे आणि प्रतिकारयंत्रणेमुळे झालेला.

सात महिने कुणालाच हे कळलं नाही, कारण त्रास कामाच्या वेळेत होत नव्हता. हा लेख लिहायचं कारण तेच. रसायनामुळे प्रतिकारयंत्रणा बिघडते तेव्हा शरीर रसायनाचं नाव सांगत नाही, फक्त वेळ सांगतं: कोणत्या वारी, पाळी संपल्यावर किती तासांनी, रजेत काय झालं. ती वेळ लिहून ठेवणारा कामगार लवकर सुटतो. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने मांडल्या आहेत.

आधी हे समजून घ्या: बिघाड चार वाटांनी होतो

‘प्रतिकारशक्ती’ म्हटलं की ती कमी झाली की वाढली, एवढाच विचार आपण करतो. कारखान्यातली रसायनं त्यापेक्षा जास्त गोंधळ घालतात.

पहिली वाट म्हणजे ताकद खरोखरच कमी होणं. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण बेंझिन. पेट्रोलियम पदार्थांत, काही चिकटवण्याच्या द्रावणांत आणि हलक्या दर्जाच्या थिनरमध्ये ते भेसळीसारखं सापडतं. श्वासातून आत गेलेलं बेंझिन यकृतात बदलतं आणि त्यातून झालेले पदार्थ अस्थिमज्जेत, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात तिथे पोचून मूळपेशींनाच इजा करतात. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यामुळे घटतात. जास्त काळ संपर्क राहिला तर रक्ताचा कर्करोगही होतो. चीनमधल्या त्यानजिन इथल्या बूट कारखान्यांतले २५० कामगार आणि बेंझिनशी संबंध नसलेले १४० कामगार यांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. हवेत १ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक भाग) कमी बेंझिन असलेल्या ठिकाणीही कामगारांच्या पांढऱ्या पेशी कमी आढळल्या. अमेरिकेत कायद्याने ८ तासांच्या सरासरीला १ पीपीएम इतकं बेंझिन चालतं, पण तिथलीच सरकारी संशोधन संस्था नायोश ०.१ पीपीएम सुचवते. ‘मर्यादेच्या आत आहे’ हे वाक्य ऐकलं की कोणाची मर्यादा, हे म्हणूनच विचारायचं. पीएफएएस नावाची चिवट रसायनंही याच वाटेची. ती अंगात साठली की लस घेतल्यावर तयार होणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) कमी पडतात, याचे भक्कम पुरावे आहेत.

दुसरी वाट ॲलर्जीची. आयसोसायनेट, इपॉक्सी रेझिन, सिमेंटमधलं क्रोमियम, निकेल, काही प्रकारचा लाकडाचा भुसा ही नेहमीची नावं. इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा: ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. आधी शरीर त्या पदार्थाची ओळख धरतं. याला कधी आठवडे लागतात, कधी वर्षं. ‘पाच वर्षं हेच काम करतोय, मला काही होत नाही’ हा म्हणूनच पुरावा होऊ शकत नाही. आणि एकदा ओळख धरली की पूर्वी काहीच न करणारी अगदी थोडी मात्राही पुरते.

तिसरी वाट म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटणं. दगड, काच, वाळू, सिरॅमिक यांच्या कामातली बारीक सिलिका फुप्फुसात बसते. तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतः मरतात. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतोच, शिवाय संधिवात, ल्युपस आणि त्वचा ताठरणारा स्क्लेरोडर्मा यांचा धोका वाढतो. क्षयाचे जंतू अशा फुप्फुसात सहज तग धरतात, तो धोका वेगळाच. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरतात त्या कृत्रिम दगडात सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. हा दगड कापणाऱ्या तरुण कामगारांचे इतके हाल झाले की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

चौथी वाट कायम धुमसत राहणाऱ्या दाहाची. वेल्डिंगचा धूर, कापसाची धूळ, यंत्राच्या कूलंटचे तुषार हे तिचे नमुने. याबद्दल नोंदवहीच्या पायरीत सांगतो.

पायरी १: ड्रममध्ये काय आहे ते शोधा

ब्रँडचं नाव माहीत असून भागत नाही. डॉक्टरला ‘निळ्या डब्यातलं केमिकल’ सांगितलं तर त्याला काहीच करता येत नाही. प्रत्येक औद्योगिक रसायनासोबत सुरक्षा माहितीपत्रक असतं. कारखान्यात त्याला एसडीएस म्हणतात. त्याचे १६ भाग असतात, पण सगळे वाचत बसू नका. भाग २ मध्ये धोके, भाग ३ मध्ये घटक, भाग ८ मध्ये हवेतली मर्यादा आणि संरक्षणाची साधनं, भाग ११ मध्ये शरीरावरचे परिणाम. या चार भागांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

भाग २ मध्ये काही सांकेतिक क्रमांक शोधा. एच ३३४ म्हणजे श्वासातून गेल्यास ॲलर्जी किंवा दमा होऊ शकतो. एच ३१७ म्हणजे त्वचेची ॲलर्जी. एच ३७२ म्हणजे वारंवार संपर्काने एखाद्या अवयवाला इजा. कोणत्या अवयवाला, हे बहुतेक वेळा पुढे लिहिलेलं असतं, तिथे ‘रक्त’ किंवा ‘फुप्फुस’ दिसलं तर लक्ष द्या. डब्यावर लाल चौकटीत माणसाची आकृती आणि तिच्या छातीवर चांदणीसारखा तडा दिसला, तर ते दीर्घकालीन धोक्याचं चिन्ह. कवटीचं चिन्ह सगळ्यांना कळतं, पण आपल्या विषयासाठी हे दुसरं चिन्ह जास्त महत्त्वाचं आहे.

दोन ठिकाणी हे पत्रक तुम्हाला फसवेल. मोठ्या ड्रममधून लहान बाटलीत ओतलेल्या मालावर लेबलच नसतं. अशा बाटलीवर मार्करने नाव लिहायची सवय लावा. दुसरं म्हणजे जे कामातच तयार होतं त्याचा ड्रम नसतो: वेल्डिंगचा धूर, दगड कापतानाची धूळ, पॉलियुरेथेनचा थर तापवला किंवा घासला की सुटणारी वाफ. ही नावं यादीत स्वतःच घालावी लागतात.

पायरी २: ते अंगात कुठून जातं ते पाहा

नाकाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, हातांकडे नसतं. पाळी संपल्यावर नळाजवळ उभं राहून पाहा. चिंधी थिनरमध्ये बुडवायची, नखांतला रंग निघेपर्यंत घासायची, मग वरून साबण. हात स्वच्छ होतात, पांढरट होतात, थोड्या दिवसांनी सांध्यांवर बारीक चिरा पडतात. थिनर रंगाबरोबर त्वचेतली चरबीही काढून नेतो आणि ती चरबीच तर भिंत होती. दुसऱ्या दिवशी त्याच चिरांमधून इपॉक्सी किंवा हार्डनर आत जातो. त्वचेखालच्या पेशी तो उचलून लसिकाग्रंथीपर्यंत नेतात आणि ॲलर्जीची सुरुवात तिथे होते. आयसोसायनेट त्वचेवर सांडत राहिल्यानेही पुढे दम्याची तयारी होऊ शकते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. थिनरने हात धुणं आजपासून बंद करा. औद्योगिक हँड क्लीनर, साबण आणि नंतर साधं मॉइश्चरायझर, एवढं पुरतं.

तोंडाचा मार्ग सोपा आहे: कामाच्या जागी खाणं, पिणं, विडी-सिगारेट नको. शिसं हाताळणाऱ्यांनी तर अजिबात नको.

पायरी ३: नोंदवही ठेवा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. साधी वही घ्या. रोज चार ओळी लिहा: तारीख आणि पाळी, काय काम केलं आणि कोणतं रसायन होतं, काय त्रास झाला आणि किती वाजता, आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं. वेगळं म्हणजे सांडलं, एक्झॉस्ट बंद होता, बूथचा फिल्टर तुंबला होता, ओव्हरटाइम झाला. सुट्टीच्या दिवशीही लिहा. सुट्टीची नोंद कामाच्या दिवसाइतकीच मोलाची आहे.

चार ते सहा आठवड्यांत आकृती दिसू लागते. काही ओळखीच्या आकृत्या सांगतो.

रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत घरघर, सुट्टीत आराम, रुजू झाल्यावर परत त्रास: कामाचा दमा. कधी बरं वाटायला दोन दिवसांची सुट्टी पुरत नाही, आठवड्याहून जास्त लागतो. त्यामुळे ‘रविवारी पण खोकला होता, म्हणजे कामाचा नाही’ असा निष्कर्ष काढू नका. अशा वेळी पीक फ्लो मीटर घ्या. श्वास किती जोराने बाहेर पडतो हे मोजणारी ती फुंकायची एक छोटी नळी असते. दिवसातून किमान चार वेळा, कामाचे आणि सुट्टीचे दिवस धरून तीन-चार आठवडे आकडे लिहा. प्रत्येक वेळी तीनदा फुंकायचं, मोठा आकडा लिहायचा. डॉक्टरच्या हातात हा तक्ता पडला की तपासणीला दिशा मिळते.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड केला, संध्याकाळी तोंडात धातूची चव, रात्री थंडी वाजून ताप, सकाळी बरं: हा धातूच्या धुराचा ताप. आठवडा सरत जाईल तसा त्रास कमी होतो, कारण शरीर तात्पुरतं सरावतं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तो परत येतो. लोक याला फ्लू समजून सोडून देतात. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते, तीही याच वळणाची. धुळीतले जिवाणूंचे विषारी अंश तिच्या मुळाशी असतात असं मानलं जातं.

लेथ किंवा सीएनसीवर काम करताना चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप, हळूहळू वजन उतरणं: कूलंटमधल्या जंतूंमुळे फुप्फुसाला येणारी सूज असू शकते. टाकीतला कूलंट कुजका वास मारत असेल तर तेही वहीत लिहा.

बोटांची टोकं गारव्यात पांढरी पडणं, सकाळी सांधे तासभर आखडलेले, अंगावर न जाणारे चट्टे आणि मागे सिलिकाच्या धुळीत काढलेली वर्षं: शरीरावर उलटलेल्या प्रतिकारयंत्रणेची शंका घ्या.

आणि एक आकृती अशी की जिथे वही पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. धातूचे भाग धुण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन वापरणाऱ्या कामावर नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या एक-दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे, गाठी सुजलेल्या दिसल्या, तर काम त्याच दिवशी थांबवून रुग्णालय गाठा. ही तीव्र ॲलर्जी यकृत निकामी करू शकते. एचएलए-बी १३:०१ ही जनुकीय खूण असलेल्यांना तिचा धोका बराच जास्त असतो, आणि ती खूण बाहेरून दिसत नाही.

सगळा थकवा रसायनावर ढकलू नये, हेही सांगतो. रात्रपाळी, अपुरी झोप, मधुमेह, धूम्रपान यांनीही प्रतिकारशक्ती खालावते. वही ठेवली की हा गुंताही सुटायला मदत होते.

पायरी ४: योग्य तपासण्या, योग्य वेळी

‘इम्युनिटी पॅकेज’ नावाने विकल्या जाणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. कामाचं रसायन ठरवतं की तपासायचं काय.

सॉल्व्हंट आणि बेंझिनसाठी सीबीसी ही साधी रक्ततपासणी मोलाची आहे, पण ती वाचण्याची पद्धत वेगळी आहे. प्रौढ माणसात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असल्या की अहवालात ‘नॉर्मल’ छापून येतं. समजा तुमच्या पेशी कामाला लागताना ७,८०० होत्या, पुढच्या वर्षी ६,१००, आता ४,५००. तिन्ही अहवाल नॉर्मल. ओळीने ठेवले तर उतरण दिसते. म्हणून कामाला लागण्याआधीचा अहवाल आणि नंतरचे सगळे एकाच फाइलमध्ये ठेवा. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या प्रकाराचे टक्के न पाहता एकूण संख्या पाहा. सर्दी-ताप असताना रक्त देऊ नका, आकडा वर-खाली होतो. सिगारेटने तो फुगतो आणि खरी घट झाकली जाते. बेंझिन नेमकं किती आत गेलं हे पाळी संपताना घेतलेल्या लघवीच्या नमुन्यातून मोजता येतं. सकाळचा नमुना चालत नाही.

त्वचेच्या ॲलर्जीला पॅच टेस्ट. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. एकदाच पाहून ‘काही नाही’ म्हटलं तर दुसऱ्यांदा पाहायला सांगा. आयसोसायनेटची रक्तातली ॲलर्जी तपासणी निगेटिव्ह आली तरी दमा नाही असं होत नाही. सिलिकावाल्यांनी छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) आणि क्षयाची तपासणी नियमित करावी. बेरिलियम या धातूसाठी तर रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी बेरिलियमला चिडतात का, हे पाहणारी खास चाचणीच आहे.

पायरी ५: डॉक्टरकडे जाताना

इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली सांगून ठेवलं की रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारा: तुझं काम काय? हा प्रश्न आजही गर्दीच्या दवाखान्यात राहून जातो. विचारायची वाट पाहू नका. खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा: ‘मी अमुक काम करतो, या रसायनांशी संबंध येतो, त्रास या वेळी होतो.’ मग वही आणि एसडीएसचे फोटो पुढे करा. जमल्यास व्यवसायजन्य आजारांचा तज्ज्ञ गाठा.

इनहेलर मिळाला आणि बरं वाटलं म्हणून त्याच बूथमध्ये परत जाऊ नका. कामाच्या दम्यात लवकर संपर्क तुटला तर बरं होण्याची शक्यता जास्त असते, आणि लांबवलं तर काम सोडल्यावरही दमा राहतो.

लसींचंही विचारा. वेल्डरांना न्यूमोनिया जास्त होतो आणि जास्त जीवघेणा होतो, म्हणून ब्रिटनमध्ये त्यांना न्यूमोकॉकल लस द्यायची शिफारस आहे. धुरामुळे श्वासमार्गाच्या पेशींवर हा जंतू चिकटायच्या जागा वाढतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

पायरी ६: संपर्क तोडा, आणि तो क्रमाने तोडा

मास्क हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी विचारायचं: हे रसायन बदलता येईल का? काम बंदिस्त करता येईल का? धूर किंवा वाफ जिथे सुटते तिथेच ओढून घेता येईल का? दगड कापताना पाणी सोडलं तर धूळ बरीच कमी होते. एक्झॉस्ट चालू आहे एवढ्याने समाधान मानू नका. टिश्यू पेपरची पट्टी हुडच्या, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या झाकणाच्या, तोंडाशी धरा. ती आत ओढली गेली नाही तर पंखा नुसता आवाज करतोय. धूर तुमच्या तोंडासमोरून हुडकडे जात असेल तर हुडची जागा चुकली आहे. कपड्यांवरची धूळ झटकायला हवेचा पाइप मारतात, तोही बंद करा. ती धूळ सरळ नाकासमोर येते. व्हॅक्यूम किंवा ओली पुसणी वापरा.

ओव्हरटाइमचा हिशोब फार थोडे जण मांडतात. हवेतल्या मर्यादा साधारण ८ तासांच्या पाळीसाठी आखलेल्या असतात. १२ तास काम केलं की शरीरात जास्त जातं आणि बाहेर टाकायला वेळ कमी मिळतो. या दोन्हींचा मेळ घालणारं ब्रीफ आणि स्काला यांचं सूत्र लावलं तर १२ तासांच्या पाळीसाठी मर्यादा निम्मी धरावी लागते. सुरक्षा समितीच्या बैठकीत हा मुद्दा जरूर काढा.

एकट्याने भांडू नका. दोघा-तिघांच्या वह्यांत एकच आकृती दिसली, तर ती लेखी स्वरूपात सुपरवायझर, सुरक्षा अधिकारी आणि युनियनकडे द्या. हवेची मोजणी मागा, आणि ती तुमच्या कॉलरला पंप लावून, नेहमीचं काम चालू असताना व्हावी असं म्हणा. कोपऱ्यात ठेवलेलं यंत्र तुमच्या श्वासातली हवा मोजत नाही.

पायरी ७: मास्क आणि हातमोजे

कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. वाफेला कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची वाफ शोषणारी डबी, लागते आणि ती त्या रसायनाचीच लागते. कार्ट्रिज खिळ्याला उघडी टांगली तर रात्रभर हवेतली वाफ शोषत बसते आणि सकाळी अर्धी संपलेली असते. घट्ट बंद पिशवीत ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर मास्क नीट बसत नाही.

आयसोसायनेटच्या स्प्रेसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. वास येतोय का यावर विसंबू नका, वास जाणवेपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. सगळ्यात सामान्य चूक मी अशी पाहिली आहे: गन थांबवली, रंग कसा बसलाय ते पाहायला कामगाराने तिथेच मास्कची समोरची काच, म्हणजे व्हायझर, वर केला. न दिसणारे तुषार गन थांबल्यावरही बूथमध्ये काही मिनिटं तरंगत असतात. बूथ किती वेळात मोकळा होतो ते मोजून दारावर लिहा आणि तेवढा वेळ थांबा, नाहीतर बाहेर येऊन व्हायझर काढा.

पातळ नायट्राइल हातमोज्यांतून थिनर काही मिनिटांत आरपार जातो. कोणता हातमोजा किती वेळ टिकतो याचा तक्ता उत्पादक देतात, तो मागा. कामाचे कपडे कारखान्यातच बदला. घरी नेऊन झटकले तर धूळ मुलांच्या श्वासात जाते.

ॲलर्जी झालेलीच असेल तर

मग मर्यादेचा आकडा तुमचं रक्षण करत नाही. ‘थोडंसं चालेल’ हे तुमच्यासाठी संपलं. त्या रसायनापासून दूर असलेलं काम लेखी मागा, वैद्यकीय कागद जोडा, मागणीची पोच घ्या. बूथपासून दहा फुटांवर बसवलं म्हणजे काम बदललं असं होत नाही. वहीत तिथल्याही वेळा लिहीत राहा.

नोकरी सोडताना किंवा बदलताना सगळे वैद्यकीय अहवाल, हवेच्या मोजणीचे आकडे आणि कोणत्या वर्षी कोणत्या विभागात होतात याचा दाखला यांच्या प्रती मागून घ्या. सिलिकाचा आजार धुळीचं काम सुटल्यावर दहा-वीस वर्षांनी उघडा पडू शकतो. तोवर कारखाना बंद झालेला असू शकतो आणि तुम्ही कुठे, कशात काम केलं हे सांगणारा तुमच्या फाइलशिवाय दुसरा कागद उरलेला नसतो.